बक्षीस ते सहचर : व्हिडिओ गेममधील प्रेमकथांचा प्रवास

व्हिडिओ गेम म्हटले, की बहुतेक पालकांच्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात त्या बंदुका, मोटारींच्या शर्यती आणि रात्री उशिरापर्यंत पडद्यासमोर बसलेली मुले. याच माध्यमाने गेल्या चार दशकांत प्रेमकथेचा एक स्वतंत्र प्रकार घडवला आहे, याची कल्पना मात्र खेळ न खेळणाऱ्यांना क्वचितच असते. कादंबरीचा वाचक किंवा चित्रपटाचा प्रेक्षक दोन माणसांचे प्रेम बाहेरून पाहतो. खेळात त्या दोघांपैकी एकाची सूत्रे खेळाडूच्याच हाती असतात. काय बोलायचे, केव्हा गप्प राहायचे, कोणाच्या मदतीला आधी धावायचे, हे तोच ठरवतो.

या माध्यमाचे हेच बलस्थान आहे आणि मोठी अडचणही हीच आहे. खेळाचा नियम साधा असतो : प्रयत्न करा, बक्षीस मिळवा. प्रेमाला हा नियम लागू पडत नाही. समोरच्याला स्वतःचे मन असते आणि ते मन 'नाही' म्हणू शकते. समोरचे पात्र बक्षीस आहे की स्वतःची इच्छा असलेले माणूस, या एका प्रश्नावर खेळातील प्रेमकथेचा कस लागतो. हा प्रश्न केवळ लेखनकौशल्याचा नाही. अनेक मुलामुलींची प्रेम, नकार आणि विश्वास या गोष्टींशी ओळख कथा-चित्रपटांइतकीच आता खेळांतूनही होते. म्हणूनच या प्रवासातील महत्त्वाचे टप्पे जाणून घेणे उपयुक्त ठरावे. (पुढील विवेचनात काही खेळांचे शेवट सांगितले आहेत.)

कैदेतील नायिका

आरंभीच्या खेळांत नायिका म्हणजे शर्यतीच्या टोकाला रोवलेले निशाण असे. निन्टेन्डो कंपनीसाठी शिगेरू मियामोतो यांनी १९८१ मध्ये रचलेल्या 'डाँकी काँग'मध्ये एक महाकाय वानर एका तरुणीला पळवून नेते आणि नायक शिड्या चढून तिच्यापर्यंत पोहोचतो. दोघे समोरासमोर येताच पडद्यावर बदामाची आकृती उमटते. वानर तिला पुन्हा उचलून नेते आणि तो बदाम भंगतो. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्येही राजकन्या अखेरच्या किल्ल्यात वाट पाहत राहते. अमेरिकेच्या जॉर्डन मेकनर यांच्या १९८९ मधील 'प्रिन्स ऑफ पर्शिया'त वाळूच्या घड्याळाने मोजलेला एक तास हाती असतो आणि त्या तासात राजकन्येची सुटका करायची असते. तिला काय वाटते, हे विचारण्याची सोय यांपैकी कोणत्याच खेळात नव्हती. त्या काळातील यंत्रांची मर्यादित क्षमता हे त्याचे एक कारण; पण प्रेमाचा जो साचा परीकथांतून चालत आला होता, तोच विनातक्रार उचलला गेला, हे दुसरे.

प्रेमाचे गुणपत्रक

प्रेम हाच खेळाचा मुख्य विषय करण्याचा प्रयोग प्रथम जपानमध्ये रुजला. कोनामी कंपनीचा १९९४ चा 'तोकिमेकी मेमोरियल' हे त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण. शाळेची तीन वर्षे, अभ्यास, खेळ, कला, टापटीप अशा गुणांची आकडेवारी आणि वर्गातील मुलींशी जुळणारी किंवा दुरावणारी मैत्री, असे त्याचे स्वरूप आहे. एखाद्या मुलीकडे फार दिवस दुर्लक्ष केले, तर तिची नाराजी इतरांपर्यंत पोहोचते आणि सगळ्यांचेच मत बिघडते. शाळेतील एका विशिष्ट झाडाखाली निरोपाच्या दिवशी मुलीने प्रेम व्यक्त केले, तर ते अखंड टिकते अशी आख्यायिका आहे. येथे प्रेमाची कबुली मुलगी देते, नायक नव्हे. निवड तिची, ही जाणीव या खेळात होती. परंतु तिच्या मनापर्यंत जाणारा रस्ता मात्र गुणपत्रकातूनच जात होता.

हा हिशेब पुढेही टिकून राहिला. एरिक बॅरोन यांनी एकट्याने घडवलेल्या 'स्टारड्यू व्हॅली' (२०१६) या शेतीच्या लोकप्रिय खेळात गावातील प्रत्येकाला आठवड्यातून दोन भेटी देता येतात. भेट आवडली की पडद्यावरील बदाम भरत जातात. पुढे पुष्पगुच्छ, मग लग्नाची मागणी. या खेळाचा गोडवा निर्विवाद आहे आणि त्यातील काही गावकऱ्यांची दुःखे मनापासून लिहिलेली आहेत. तरीही, नियमितपणे वस्तू देत राहिले की माणूस आपले होते, हा त्यामागचा हिशेब खेळाडूने ओळखून असलेला बरा.

मतभेद करणारे सोबती

कॅनडातील बायोवेअर या कंपनीने २००० मध्ये आणलेल्या 'बाल्डर्स गेट २'ने वेगळी वाट दाखवली. यातील जाहीरा ही नायकाची जुनी सोबतीण. खेळाच्या प्रारंभीच शत्रूच्या तळघरात तिचा पती खालिद मृतावस्थेत सापडतो. पुढे तिच्याशी जवळीक होऊ शकते. पण ती शोकाच्या सावलीत, थांबत थांबत आणि वाद घालत. प्रवासात ती स्वतःहून बोलायला येते आणि एखादे असमंजस उत्तर हे नाते तेथेच संपवू शकते. नायिका नायकाची वाट पाहत बसलेली नाही, तिचे आयुष्य त्याच्या आधीपासून सुरू आहे, ही भावना येथे प्रथमच ठळकपणे येते.

याच कंपनीच्या 'ड्रॅगन एज : ओरिजिन्स'मध्ये (२००९) हा धागा आणखी ताणला गेला. त्यातील अ‍ॅलिस्टर हा हसतमुख, हळवा योद्धा. लोघेन या सेनापतीने रणांगणातून सैन्य मागे घेतल्याने अ‍ॅलिस्टरचा गुरू आणि त्याचा सावत्र भाऊ असलेला राजा, दोघेही मारले गेले आहेत. कथेच्या शेवटाकडे लोघेनला जीवदान देऊन आपल्या बाजूला घेण्याचा पर्याय खेळाडूला मिळतो. राजकारणाच्या दृष्टीने तो शहाणपणाचा वाटू शकतो. पण तो स्वीकारला, तर अ‍ॅलिस्टर निघून जातो. त्याच्याशी प्रेमाचे नाते जुळलेले असले तरी तो थांबत नाही. तोपर्यंत दिलेल्या सगळ्या भेटवस्तू अशा वेळी कामी येत नाहीत. समोरच्याच्या निष्ठा आपल्यापेक्षा वेगळ्या असू शकतात, हे कळायला यापेक्षा बोलका प्रसंग सापडणे कठीण.

बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजने २०२३ मध्ये 'बाल्डर्स गेट ३' आणला, तेव्हा हीच परंपरा पुढे गेली. त्यातील अ‍ॅस्टारियन हा दोनशे वर्षे एका क्रूर धन्याच्या गुलामीत काढलेला रक्तपिपासू. आपले संरक्षण व्हावे म्हणूनच आपण मोहात पाडले, अशी कबुली तो मध्यावर देतो. यानंतर त्याच्याजवळ कोणतीही अपेक्षा न ठेवता थांबणे, हीच त्या प्रेमातील खरी जवळीक ठरते.

फराहचा नकार

मेकनर यांनी चौदा वर्षांनी आपल्याच जुन्या कथेला जे उत्तर दिले, ते या साऱ्या प्रवासातील एक सुंदर पान आहे. युबिसॉफ्टच्या माँट्रियल येथील स्टुडिओने २००३ मध्ये प्रकाशित केलेल्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम'ची पटकथा त्यांचीच. यातील फराह ही एका भारतीय महाराजाची कन्या आहे. पर्शियाच्या राजपुत्राच्या सैन्याने तिच्या पित्याचा राजवाडा लुटला, तिला बंदी केले आणि राजपुत्राने तेथून काळ मागे फिरवणारा खंजीर मिळवला. वजिराच्या कपटाला भुलून तो एक शाप मोकळा करतो आणि त्यातून वाचलेल्या शत्रुपक्षांतील या दोघांना एकत्र लढावे लागते.

फराह धनुष्य चालवते, भिंतींच्या फटींतून पलीकडे जाऊन दारे उघडते. राजपुत्र तिच्याशिवाय पुढे जाऊच शकत नाही. तिचा बाण चुकून त्यालाच लागला, तर तो कुरकुरतो. ही थट्टामस्करी चालू असताना हळूहळू विश्वास वाढतो आणि तरीही एका रात्रीनंतर ती खंजीर घेऊन निघून जाते. तिच्या देशावर चालून आलेल्या माणसावर तिने पूर्ण विश्वास का ठेवावा? पुढे एका कड्यावर ती राजपुत्राने हातात घट्ट धरलेल्या खंजिराला लोंबकळत असते. पाते त्याच्या हातात रुतते आहे, हे दिसताच ती आपली पकड सोडते.

राजपुत्र काळ मागे नेतो. युद्ध घडलेलेच नाही, फराह जिवंत आहे. मात्र तिला काहीही आठवत नाही. तो तिला सारी हकिकत सांगतो. इतका वेळ ऐकू येणारे निवेदन हेच होते, हे खेळाडूला आता उमगते. तो तिचे चुंबन घेतो. ती त्याला झिडकारते, कारण तिच्यासाठी तो परकाच आहे. तेव्हा तो खंजिराने ते क्षण पुसून टाकतो, ही केवळ एक गोष्ट होती असे सांगतो आणि खंजीर तिच्या हवाली करतो. ती नाव विचारते, तेव्हा तो 'काकोलुकिया' असे उत्तर देतो. भीती वाटली की उच्चारण्यासाठी तिच्या आईने तिला लहानपणी शिकवलेला हा शब्द तिने दुसऱ्या कुणाला सांगितलेला नसतो. पूर्वीच्या खेळात एका तासात जिंकायची असलेली राजकन्या येथे जिंकली जात नाही. तिचा नकार मान्य करून नायक निघून जातो.

सहजीवनाचा शोध

बहुतेक प्रेमकथा मीलनापाशी थांबतात. काही खेळांनी त्यापलीकडचा संसार रंगवला. कॅनडाच्या कान गाओ यांचा 'टू द मून' (२०११) त्यांत अग्रगण्य. मृत्युशय्येवरील जॉनीला चंद्रावर जायचे आहे. का, हे त्यालाही सांगता येत नाही. दोन डॉक्टर त्याच्या स्मृतींत शिरतात आणि वार्धक्याकडून बालपणाकडे मागे मागे जातात. त्याची दिवंगत पत्नी रिव्हर शेकडो कागदी ससे घडवीत असे आणि त्यांकडे पाहून काय दिसते, असे त्याला विचारीत असे. बालपणी दोघे एका जत्रेत भेटले होते. चुकामूक झालीच तर चंद्रावर भेटायचे ठरले होते. चंद्र म्हणजे आकाशातल्या सशाचे पोट, अशी त्यांची कल्पना होती. पुढे एका दुर्घटनेनंतर दिलेल्या औषधांमुळे जॉनी ते सारे विसरला. रिव्हरला मनातले सरळ शब्दांत मांडणे अवघड जाई; म्हणून ती आयुष्यभर सशांतून त्याला आठवण करून देत राहिली. प्रेम असूनही परस्परांचे बोलणे न पोहोचणे, ही संसारातील व्यथा येथे विलक्षण संयमाने आली आहे.

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा 'द विचर ३' (२०१५) वेगळा प्रश्न विचारतो. गेराल्ट आणि येनेफर यांना एका जिनकडे मागितलेल्या इच्छेने बांधले आहे. आपले प्रेम खरे की जादूचे, हे जाणण्यासाठी येनेफर तो बंध तोडायचे ठरवते. तो तुटतो आणि डोंगरमाथ्यावर अडकलेल्या एका भग्न जहाजावर दोघे बसतात. आता मनात काय उरले, याचे उत्तर खेळाडूने द्यायचे असते आणि 'काही नाही' हेही उत्तर देता येते. याच खेळात दोन स्त्रियांना एकाच वेळी शब्द देणाऱ्या गेराल्टची त्या दोघी मिळून चांगलीच फजिती करतात.

'अनचार्टेड ४' (२०१६) या नॉटी डॉगच्या साहसपटात नेथन ड्रेक पत्नी एलेनाशी खोटे बोलून खजिन्याच्या शोधात निघतो. त्याआधीच्या एका प्रकरणात दोघे घरी जेवतात आणि भांडी कोणी घासायची, यावर जुन्या व्हिडिओ गेमची पैज लावतात. स्फोट आणि पाठलागांनी भरलेल्या खेळातला हा शांत प्रसंग लक्षात राहतो, कारण पुढे नेमके काय पणाला लागणार आहे, हे तो दाखवून देतो.

शब्दांविना संवाद

केन वाँग यांच्या मेलबर्न येथील माउंटन्स या स्टुडिओचा 'फ्लॉरेन्स' १४ फेब्रुवारी २०१८ रोजी प्रकाशित झाला. मोबाइलवर तासाभरात संपणाऱ्या या खेळाला २०१९ चा मोबाइल खेळासाठीचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. पंचविशीतली फ्लॉरेन्स आणि चेलो हे तंतुवाद्य वाजवणारा भारतीय वंशाचा क्रिश यांची ही कथा. पहिल्या भेटीत संवादाचा फुगा अनेक तुकडे जुळवून पूर्ण करावा लागतो. ओळख वाढते तसे तुकडे कमी होतात, बोलणे सोपे होते. भांडणात तेच तुकडे टोकदार होतात आणि घाईने लावावे लागतात. क्रिश राहायला येतो, तेव्हा त्याच्या वस्तूंसाठी फडताळात जागा करताना आपल्या कोणत्या वस्तू काढायच्या, हे खेळाडूला ठरवावे लागते. ताटातूट होते, तेव्हा त्याच वस्तू खोक्यात भरायच्या असतात. लिखित संवाद जवळजवळ नसताना, केवळ बोटांच्या हालचालींतून एका नात्याचा आरंभ आणि शेवट अनुभवास येतो. दुसऱ्या कोणत्याही माध्यमाला हे साधले नसते.

पारख कशी करावी?

घरातील मूल एखादा खेळ खेळत असेल किंवा आपण स्वतःच निवडत असू, तर काही साधे प्रश्न मदतीला येतात. नायक नसताना त्या पात्राला काही उद्योग, मित्र, चिंता आहेत का? ते नायकाशी असहमत होते का आणि त्या असहमतीचे परिणाम टिकतात का? त्याला नकार देता येतो का? आणि होकारानंतरही कथा पुढे चालू राहते का? या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर ते लेखन उत्तम कथासाहित्याच्या शेजारी बसवायला हरकत नाही.

शिड्या चढून गाठलेल्या तरुणीपासून फडताळातील सामायिक जागेपर्यंतचा हा प्रवास चाळीस वर्षांहून थोडा कमी काळातला आहे. आपल्या मुलांना कोणता खेळ आवडतो, एवढेच विचारून न थांबता त्या खेळातील कोणते पात्र त्यांना सोडून गेले आणि का, हेही एकदा विचारून पाहावे. प्रेमाविषयी घरात सहसा न होणारे बोलणे कदाचित तेथून सुरू होईल.