दादीच्या डब्यातला चारमिनार

दादीच्या पानाच्या डब्यात एक रुपया होता. वर कडी डाकलेली, एका बाजूला चारमिनार. लहानपणी मला वाटायचे, कुणीतरी हैदराबादहून आणलेली भेट असावी. पण दादी मराठवाड्याबाहेर कधी गेलीच नव्हती. तो तिच्या बाजारहाटाचा पैसा होता!

1948 पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचे चलन वेगळे होते, हाली सिक्का. इंग्रजांचा तो कलदार. सात हालींना सहा कलदार, असा साधारण हिशेब. इतर काही संस्थानांच्या नाण्यांवर राजाचा चेहरा दिसे. इथे 1591 सालचा चारमिनार. मधल्या कमानीत निजामाच्या नावाचे आद्याक्षर. महबूब अली खान असेल तर ‘मीम’, उस्मान अली खान असेल तर ‘ऐन’. दादीच्या रुपयावर ‘ऐन’ आहे.

त्या एका नाण्यापासून मी जमवत गेलो. 1931 च्या तिकीटमालेतले एक आण्याचे तिकीट, त्यावर चारमिनार. त्याच मालेत अजिंठ्याचे प्रवेशद्वार आणि दौलताबादचा मिनारही आहे, म्हणजे आमचा मराठवाडा. नोटांवर उर्दू, तेलुगू, कन्नड आणि मराठीतही किंमत छापलेली. चारमिनार सिगारेटचे पिवळे पाकीटही ठेवले आहे. संस्थान गेले, पण हे चित्र पुढे कित्येक वर्षे पानटपरीवर राहिले.

मध्यंतरी एका मित्राने हे सगळे पाहून विचारले, “निजामाचं कशाला जपतोस?”

प्रश्न मला झोंबला. निजामाच्या राजवटीचे गोडवे मला गायचे नाहीत. रझाकारांविरुद्ध लिहिणाऱ्या ‘इमरोज’च्या संपादकाला, शोएबुल्ला खान यांना, ऑगस्ट 1948 मध्ये ठार मारण्यात आले, हे मी विसरत नाही. पण हा रुपया शेतमजुराच्या, कोष्ट्याच्या, वाण्याच्या हातातून फिरला. त्यात हिंदू किती, मुसलमान किती, हे नाण्यावर लिहिलेले नाही. राजाचा इतिहास तवारिखांत आहे, रझाकारांचा भाषणांत. दादीचा कुठे आहे? तिला लिहिता येत नव्हते. ती नाण्यावरचा चारमिनार पाहून रुपया ओळखायची.

मित्राला मी तेच सांगितले, “निजामाचं नाही रे, दादीचं जपतो.”

त्याने नाणे हातात घेतले, उलटसुलट पाहिले. मग म्हणाला, “आमच्या आजीच्या पुतळ्यांच्या माळेतही असलंच एक होतं.”