बोस्मान्सगाटची सकाळ : शेवटच्या श्वासावर हक्क कुणाचा?

१७ डिसेंबर १९९४. दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्दर्न केप प्रांतात बोस्मान्सगाट नावाचं पाण्यानं भरलेलं विवर आहे, २८० मीटरहून खोल. तिथे डीऑन ड्रेयर हा वीस वर्षांचा पाणबुड्या बुडतो. शोध होतो, पण देह हाती लागत नाही.

२८ ऑक्टोबर २००४. हाँगकाँगमध्ये राहणारा ऑस्ट्रेलियन वैमानिक डेव्ह शॉ २७० मीटरवर पोहोचतो. टॉर्चच्या उजेडात त्याला डीऑनचा देह दिसतो. डीऑनच्या आई-वडिलांना मुलगा परत हवा असतो. शॉ तो वर आणायचं मनावर घेतो.

८ जानेवारी २००५, पहाटे. काठावर डॉक्टर, पोलीस आणि सोबतचे पाणबुडे जमले आहेत. शॉच्या डोक्यावर कॅमेरा बसवलाय. तळाशी थांबायचं जेमतेम पाच मिनिटं आणि मग टप्प्याटप्प्यानं वर यायला सुमारे बारा तास, असा बेत आहे.

सकाळी सव्वासहाच्या सुमारास. शॉ पाण्यात उतरतो. ठरल्याप्रमाणे काही मिनिटांनी मागून त्याचा साथीदार पाणबुड्या डॉन शर्ली निघणार आहे.

अकराव्या मिनिटाच्या आसपास. शॉ तळाशी पोहोचतो. देह गाळात रुतलेला असेल असा अंदाज होता, पण हात लागताच तो तरंगू लागतो. पिशवीत घालणं जमेना. एरवी गळ्याभोवती असणारा दिवा कॅमेऱ्यामुळे बाजूला ठेवावा लागलाय आणि त्याची वायर दोऱ्यांत अडकते.

पुढची काही मिनिटं. या खोलीवर दाब समुद्रसपाटीच्या सुमारे २८ पट असतो. श्वासातला वायू इतका दाट होतो की तो आत-बाहेर ढकलणं हेच छातीला कष्टाचं काम होऊन बसतं. त्यात शॉ झटापट करतोय. कष्टानं कार्बन डायऑक्साइड वाढतो, त्यानं श्वासाची गती वाढते, पण उथळ श्वासातून तो बाहेर पडत नाही. डोकं जड होतं, हात चुकतात.

वीस मिनिटं उलटल्यावर. श्वास थांबतो.

शॉच्या कॅमेऱ्यानं टिपलेल्या फितीत आणखीही काही आहे. ते इथे लिहीत नाही. ते वाचून कुठलाही पाणबुड्या जास्त सुरक्षित होणार नाही.

त्याच सुमारास, वरच्या थरात. शर्लीला खाली दिवा दिसतो, पण तो हलत नाही. तो मदतीला आणखी खाली जातो. २५० मीटरच्या आसपास त्याच्या रीब्रीदरचं (सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा वापरणाऱ्या उपकरणाचं) इलेक्ट्रॉनिक नियंत्रण निकामी होतं आणि त्याला परतावं लागतं. वर भेटलेल्या साथीदाराला तो पाटीवर लिहून कळवतो : डेव्ह परत येत नाही. पुढे आतल्या कानाला इजा होऊन त्याला भोवळ आणि उलट्या सुरू होतात. दहा तासांहून अधिक काळ पाण्यात काढून तो वाचतो, पण शरीराचा तोल कायमचा बिघडतो.

१२ जानेवारी. दोर वर ओढताना शॉचा देह वर येतो, आणि दिव्याच्या वायरीत अडकून डीऑनचाही. कॅमेरा शाबूत आहे.

२००७. पाणबुड्यांच्या वैद्यकाचे अभ्यासक सायमन मिचेल आणि त्यांचे सहकारी त्या फितीचा अभ्यास करून वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडतात : दाट वायू आणि श्रम यांमुळे श्वसन निकामी झालं. २०१६मध्ये मिचेल आणि संशोधक गॅव्हिन अँथनी मर्यादा सुचवतात : श्वासाच्या वायूची घनता लिटरला शक्यतो ५.२ ग्रॅमच्या आत, आणि कधीही ६.२च्या वर नको. आज खोल जाणारे अनेक पाणबुडे उतरण्याआधी हा हिशेब करतात.

इथपर्यंत यायला जगाला शॉचे अखेरचे क्षण पाहण्याची गरज नव्हती. तरीही फितीचे तुकडे इंटरनेटवर फिरले आणि कुतूहलाचा विषय झाले. मृताचा चेहरा, आवाज आणि अखेरची धडपड कुटुंबाची असते. खोली, वायूचं मिश्रण, उपकरणं आणि निर्णयांचा क्रम मात्र उद्या उतरणाऱ्यांचा असतो. ब्रिटिश सब-ॲक्वा क्लब वर्षानुवर्षं नावं न छापता अपघातांचे अहवाल काढतो, म्हणजे दोन्ही सांभाळता येतं. फक्त तपास करणाऱ्यांनी आधी घरच्यांकडे जावं. काय छापणार आणि काय नाही, हे त्यांना जगाआधी कळायला हवं. सगळंच दडपलं, तर ती जागा अफवा घेतात आणि त्यांचा त्रासही घरच्यांनाच होतो.

कुटुंबानं नाही म्हटलं, तर चित्रफीत बंदच राहावी. श्वास का थांबला, हे मात्र प्रत्येक वेळी छापलं जावं.