एकवीस दिवसांचं इंजेक्शन

हृदयशस्त्रक्रियेचा इतिहास आपल्याकडे मुंबईपासून सांगतात. 16 फेब्रुवारी 1968 रोजी केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय प्रत्यारोपण केलं. केपटाऊनमध्ये डॉ. बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं प्रत्यारोपण केलं, त्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला, तरी ते धाडस थोर होतं.

मी बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होते. आमच्या भागाचा इतिहास निराळा आहे. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. औरंगाबादला वैद्यकीय महाविद्यालय 1956 मध्ये झालं. अंबाजोगाईला ते 1974 मध्ये आलं आणि त्याला निजामाविरुद्ध लढलेल्या स्वामी रामानंद तीर्थांचं नाव मिळालं. इथं छातीचं काम म्हणजे बहुतेक वेळा नळी. क्षयाने फुफ्फुसाभोवती पू किंवा हवा साठली, की डॉक्टर बरगड्यांमधून नळी घालत. तिचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्याखाली असे. बाटली छातीच्या वर उचलू नका, हे मी प्रत्येक नातेवाइकाला बजावत असे. या साध्या बाटलीने माणसं जगली.

हृदयाचे रुग्ण मात्र मोठ्या शहरात पाठवावे लागत. लहानपणी घसा सुजतो, सांधे दुखतात, ताप येतो आणि पुढं हृदयाची झडप आखडते. पूर्वी शल्यविशारद धडधडत्या हृदयात बोट घालून ती मोकळी करत. त्याला हृदय-फुफ्फुस यंत्र लागत नसे, म्हणून गरीब देशात ही शस्त्रक्रिया रुजली. 1990 मध्ये तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत भारतीय बनावटीची कृत्रिम झडप पहिल्यांदा रुग्णाला बसवली. पण अशी झडप बसली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि वरचेवर रक्त तपासावं लागतं. खेड्यातल्या बाईला ते सोपं नाही.

असा ताप येऊन गेलेल्या मुलाची झडप बिघडू नये म्हणून पेनिसिलिनचं इंजेक्शन दर एकवीस दिवसांनी, वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. आमच्या जिल्ह्यात खरी अडचण इथंच येते. दसरा-दिवाळीनंतर आईबाप पोरं घेऊन ऊसतोडीला जातात. "सिस्टर, कारखान्यावर कोण देतंय इंजेक्शन?" हा प्रश्न मी अनेक आयांकडून ऐकला.

त्या प्रश्नाचं उत्तर सरकारने आणि कारखान्यांनी द्यावं. मुलाचं इंजेक्शनचं कार्ड त्याच्यासोबत फडापर्यंत जावं आणि तिथल्या आरोग्य केंद्रात इंजेक्शन मिळावं. चांगल्या शल्यविशारदांइतकीच या इंजेक्शनाचीही बीडला गरज आहे.