अहमदनगरचा समुद्र : चौल, रेवदंडा आणि न गेलेले पाहुणे

अहमदनगर म्हटले की भुईकोट किल्ला, चांदबिबी आणि सीना नदी डोळ्यांसमोर येते. समुद्र येत नाही. तरीही सोळाव्या शतकातील अनेक युरोपीय प्रवाशांना निजामशाहाचे राज्य प्रथम भेटले ते समुद्रकिनाऱ्यावर. आजच्या अलिबाग तालुक्यात, कुंडलिकेच्या मुखाजवळ असलेले चौल हे निजामशाहीचे बंदर होते. त्याच चौलच्या समुद्राकडील टोकाला, म्हणजे आजच्या रेवदंड्याला, सुलतानाच्याच परवानगीने परक्यांचे एक उपनगर वसले. पाहुणे म्हणून आलेली ही मंडळी दोनशे वर्षांहून अधिक काळ तिथेच राहिली.

ही परवानगी का दिली गेली, हे समजण्यासाठी आधी एका घोड्याची गोष्ट पाहावी लागते. बहमनी काळात, १४७० च्या सुमारास, अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी चौलला उतरला. त्याच्याजवळ विकण्यासाठी एकच घोडा होता. घाट चढून जुन्नरला पोहोचायला त्याला तीन आठवड्यांहून अधिक काळ लागला. तिथल्या खानाने तो घोडा काढून घेतला आणि इस्लाम स्वीकारल्यासच परत देऊ, अशी अट घातली. घोडा अखेर परत मिळाला. पण एका घोड्यासाठी एवढा खटाटोप का, हे लक्षात घेण्यासारखे आहे. लढाईसाठी लागणारे उत्तम घोडे अरबस्तान आणि इराणातून समुद्रमार्गे येत. ते ज्याच्या बंदरात उतरत, त्याचे घोडदळ बळकट होई.

१४९० मध्ये मलिक अहमद स्वतंत्र झाला आणि १४९४ मध्ये त्याने भिंगारजवळ नवे शहर वसवायला घेतले. त्याच सुमारास पोर्तुगीज हिंदी महासागरात उतरले. १५०८ मध्ये चौलच्या खाडीतच इजिप्तच्या मामलुकांचे आरमार आणि गुजरातची जहाजे यांनी त्यांना पराभूत केले. त्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेडा मारला गेला. परंतु हे यश टिकले नाही. १५१० मध्ये गोवा आणि १५१५ मध्ये होर्मुझ पोर्तुगीजांच्या हाती गेले आणि घोड्यांच्या व्यापाराची दोन्ही टोके त्यांच्या मुठीत आली. गोव्याला उतरणारे घोडे विजयनगर आणि विजापूरला जात. मग अहमदनगरने काय करायचे?

बुऱ्हाण निजामशाहाने याचे उत्तर १५२१ मध्ये दिले. घोडे चौलला उतरावेत या अपेक्षेने त्याने पोर्तुगीजांना किनाऱ्यावर कोट बांधू दिला. १५२४ पर्यंत तो उभा राहिला. या निर्णयाला आज भोळेपणा म्हणणे सोपे आहे. त्या वेळी मात्र तो चोख हिशेब होता.

अशा रीतीने एका नावाची दोन गावे झाली. खालचे चौल पोर्तुगीजांचे, वरचे चौल निजामशाहीचे. खालच्या गावात चर्च, मठ, वखारी आणि तिथेच लग्न करून कायम स्थायिक झालेल्या पोर्तुगीजांची घरे होती. वरच्या गावात बाजारपेठ, रेशीम विणणारे आणि लाखकाम करणारे कारागीर होते. १५८३ मध्ये राल्फ फिच हा इंग्रज व्यापारी इथून गेला, तोही कैदी म्हणून. होर्मुझला पकडून त्याला गोव्याला नेले जात होते. अशा अवस्थेतही त्याने दोन्ही चौल वेगवेगळी नोंदवली. मसाले, रेशीम, चंदन, हस्तिदंत आणि चिनी माल यांच्या उलाढालीबरोबरच नारळाच्या झाडाचे किती उपयोग होतात, याचेही त्याला अप्रूप वाटले.

वर्दळ घाटावरही होती. गोव्यात राहणारा वैद्य गार्सिया द ओर्ता बुऱ्हाण निजामशाहावर उपचार करी. औषधी वनस्पतींवरील त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला आणि त्यात या सुलतानाचा उल्लेख वारंवार येतो.

मात्र शेजार करणे वेगळे आणि शेजाऱ्याकडून परवाना घेणे वेगळे. समुद्रात जाणाऱ्या जहाजाला पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ लागे. वरच्या चौलची जहाजेही त्यातून सुटली नव्हती. १५६५ मध्ये विजयनगरचा पराभव केल्यानंतर दख्खनच्या सुलतानांचा आत्मविश्वास वाढला होता. १५७० च्या अखेरीस विजापूरने गोव्याला आणि मुर्तझा निजामशाहाने चौलला वेढा घातला. अनेक महिने तोफा धडाडल्या आणि गावाबाहेरच्या घराघरांतून झुंज झाली. १५७१ च्या पावसाळ्यात निजामशाहाला तह करावा लागला.

अपयशाची कारणे ज्याने त्याने आपापल्या सोयीने सांगितली. पोर्तुगीज इतिहासकारांनी शौर्य आणि दैवी कृपा यांचा गौरव केला. तरुणपणी अहमदनगरच्या दरबारात वावरलेल्या फिरिश्त्याने दोष दिला तो मद्याच्या भेटींना वश झालेल्या निजामशाही अधिकाऱ्यांना. दोन्ही वर्णने रंजक आहेत. पण खरे कारण या वस्तीच्या जागेतच शोधावे लागते. रेवदंड्याला जमिनीकडून कितीही आवळले, तरी समुद्राची बाजू उघडीच राहत होती. त्या बाजूने माणसे, दारूगोळा आणि धान्य येत राहिले. ती वाट अडवील असे आरमार अहमदनगरकडे नव्हते.

दुसऱ्या बुऱ्हाण निजामशाहाला बहुधा हेच उमगले होते. त्याने खाडीच्या पलीकडची कोर्लईची टेकडी तटबंदीने बळकट केली. तिथल्या तोफांच्या माऱ्यात खाडीचे तोंड येत होते. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी हल्ला करून तो किल्लाही घेतला. पुढल्या वर्षी बुऱ्हाण मरण पावला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मुघल अहमदनगरच्या तटाशी येऊन ठेपले. चांदबिबीच्या लढ्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. कोर्लईची हार त्याआधी जेमतेम सव्वा वर्षाची.

१६३६ मध्ये निजामशाही संपली. खालचे चौल तरीही टिकले; १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेलाही ते घेता आले नाही. मराठ्यांनी १७३९ मध्ये वसई जिंकली आणि त्यानंतर, १७४० मध्ये, चौल तहाने त्यांच्या हाती आले.

पोर्तुगीज गेले, पण सगळे गेले नाहीत. कोर्लई गावातील ख्रिस्ती कुटुंबे आजही घरात एक वेगळी बोली बोलतात. ती ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’. तिचे बहुतेक शब्द पोर्तुगीज आहेत, पण क्रियापद मात्र मराठीसारखे वाक्याच्या शेवटी येते.