चेन्नईतील ‘सुभिक्षा’ : स्वस्त किराण्याचा उदय आणि अस्त

छापील किमतीपेक्षा कमी दराने किराणा माल विकणारी साखळी दुकाने आज देशातील बहुतेक मोठ्या शहरांत आढळतात. या व्यवसायातील एक महत्त्वाचा प्रयोग १९९७ मध्ये चेन्नई येथे सुरू झाला. ‘सुभिक्षा’ हे त्या साखळीचे नाव. ‘दुर्भिक्ष’ हा शब्द मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. सुभिक्ष म्हणजे त्याच्या उलट, सुकाळ. बारा वर्षांत ही साखळी देशभर पसरली आणि २००९ च्या प्रारंभी बंद पडली. स्वस्त दर कशाच्या बळावर टिकतो आणि केव्हा कोसळतो, हे समजून घेण्यासाठी या साखळीचा इतिहास आजही उपयुक्त आहे.

सहकाराची पूर्वपरंपरा

ग्राहकाला रास्त दरात धान्य मिळवून देण्याचा प्रयत्न चेन्नईला नवा नव्हता. शहरातील ट्रिप्लिकेन भागात १९०४ मध्ये ‘ट्रिप्लिकेन अर्बन को-ऑपरेटिव्ह सोसायटी’ स्थापन झाली. देशातील आद्य ग्राहक सहकारी संस्थांमध्ये तिची गणना होते. नामदार गोखले यांच्यानंतर पुण्याच्या भारत सेवक समाजाचे अध्यक्षपद भूषविणारे व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांचा तिच्या संस्थापकांत समावेश होता. मुंबईत १९४८ मध्ये नायगाव येथे सुरू झालेला ‘अपना बाजार’ आणि १९७५ मध्ये स्थापन झालेली मुंबई ग्राहक पंचायत हे प्रयत्नही याच विचारातून झाले. दुकान ग्राहकांच्याच मालकीचे असावे किंवा ग्राहकांनी एकत्र येऊन माल घ्यावा, हे त्यामागील सूत्र होते.

खर्च कमी, दर कमी

चेन्नईत १९९६ मध्ये ‘फूडवर्ल्ड’ ही वातानुकूलित सुपरमार्केटची साखळी सुरू झाली. पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या ‘सुभिक्षा’ने वेगळा मार्ग पत्करला. आयआयटी मद्रास आणि आयआयएम अहमदाबाद येथे शिक्षण घेतलेले आर. सुब्रमणियन हे तिचे संस्थापक. शहराच्या दक्षिणेकडील तिरुवान्मियूर येथे पहिले दुकान उघडण्यात आले. दुकाने आकाराने लहान होती. ती मुख्य बाजारपेठेऐवजी निवासी वस्तीत भाड्याने घेतली जात. वातानुकूलन नसे, सजावटही नसे. किराण्याबरोबर औषधेही सवलतीत मिळत. महिन्याची यादी घेऊन येणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबांना घराजवळ आणि कमी दरात माल देणे, हा या रचनेचा हेतू होता.

सवलतीचे गणित उदाहरणाने स्पष्ट होते. समजा, १०० रुपये छापील किमतीची वस्तू दुकानाला ८८ रुपयांना पडते आणि ती ९४ रुपयांना विकली जाते. उरलेल्या सहा रुपयांत भाडे, पगार, वीज, वाहतूक आणि नफा हे सर्व भागवावे लागते. एवढ्या कमी फरकात तग धरायचा, तर माल वेगाने विकला गेला पाहिजे. पुरवठादाराचे पैसेही वेळेवर दिले गेले पाहिजेत. वेळेवर पैसे मिळत असतील तरच पुरवठादार अधिक सूट देतो. उधारी थकली की सूट बंद होते, मग माल येणे थांबते आणि रिकाम्या फळ्या पाहून ग्राहक परत जातो.

विस्तार आणि अस्त

‘सुभिक्षा’च्या बाबतीत नेमके हेच घडले. २००६ च्या सुमारास तिची सुमारे दीडशे दुकाने होती आणि ती प्रामुख्याने तमिळनाडूत होती. त्यानंतर दिल्ली, मुंबई, पुणे यांसह अनेक शहरांत विस्तार करण्यात आला. मोबाईल संचांची विक्रीही सुरू झाली. २००८ च्या अखेरीपर्यंत दुकानांची संख्या सुमारे १,६०० वर पोहोचली. या विस्ताराचा मोठा भार कर्जावर होता. त्याच वर्षी जागतिक आर्थिक संकटामुळे नवे भांडवल मिळणे कठीण झाले आणि रोकड आटली. भाडी, वेतन आणि पुरवठादारांची देणी थकली. २००९ च्या प्रारंभी दुकाने बंद झाली. कारभार पुन्हा सुरू करण्यासाठी सुमारे ३०० कोटी रुपयांची आवश्यकता असल्याचे त्या वेळी संस्थापकांनी सांगितले होते. मात्र तो निधी उभा राहिला नाही. हजारो कर्मचाऱ्यांचा रोजगार गेला. २०१२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला.

याच संस्थापकांशी संबंधित विश्वप्रिया समूहातील ठेवीदारांच्या फसवणुकीचे प्रकरणही न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये चेन्नईतील विशेष न्यायालयाने सुब्रमणियन यांना दोषी ठरवून २० वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली.

मुंबईतील ‘डी-मार्ट’शी तुलना केल्यास फरक लक्षात येतो. राधाकिशन दमाणी यांनी सुरू केलेल्या या साखळीचे पहिले दुकान २००२ मध्ये पवई येथे उघडले. जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची घ्यायची, पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करायचे आणि विस्तार सावकाश करायचा, असे तिचे धोरण राहिले. २०१७ मध्ये शेअर बाजारात नोंदणी झाली, तेव्हाही तिची दुकाने दीडशेपेक्षा कमी होती. म्हणजेच पंधरा वर्षांनंतर ती जेथे पोहोचली, त्या संख्येपासून ‘सुभिक्षा’ने अवघ्या दोन-तीन वर्षांत दहापट झेप घेतली होती.

ग्राहकाने काय पाहावे

वेष्टनबंद वस्तूंवर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे कायद्याने बंधनकारक आहे. ती विक्रीची वरची मर्यादा असते. त्यापेक्षा कमी दराने विकण्यास दुकानदार मोकळा असतो. त्यामुळे ‘छापील किमतीवर सूट’ एवढ्यावरून वस्तू खरोखर स्वस्त आहे, असे ठरत नाही. डाळ, तांदूळ, साखर यांची दुकानाने स्वतः भरलेली पाकिटे घेताना किलोमागे दर किती पडतो, हे पाहून तो नेहमीच्या वाण्याच्या दराशी ताडून पाहणे हिताचे ठरते. ‘एकावर एक मोफत’ अशा योजनेत गरजेपेक्षा अधिक माल घेतला गेल्यास बचत उरत नाही.

तमिळनाडूत २०११ पासून पात्र शिधापत्रिकाधारकांना स्वस्त धान्य दुकानांतून तांदूळ मोफत मिळतो. तेथील अनेक कुटुंबांची खरेदी त्यामुळे विभागलेली असते. तांदूळ शिधावाटप दुकानातून येतो, तर साबण आणि मसाले सुपरमार्केटमधून. अचानक काही लागल्यास किंवा उधारीची गरज पडल्यास कोपऱ्यावरचे दुकान असते. ‘सुभिक्षा’ बंद झाली तेव्हा ग्राहकांपुढे हे पर्याय शिल्लक होते; तिच्या कर्मचाऱ्यांपुढे मात्र थकलेल्या वेतनाचा प्रश्न उभा राहिला.