आंतड्यांतील वस्ती आणि वऱ्हाडची भाकरी

अमरावतीच्या पश्चिमेस थोड्या कोसांवर असलेलें भातकुली हें गांव इतिहासाच्या वाचकांस दोन कारणांनीं ठाऊक असावें. तेथें आदिनाथाचें जैन मंदिर आहे. आणि रुक्मिणीहरणानंतर कुंडिनपुरास परत न जाण्याची प्रतिज्ञा केलेल्या रुक्मीनें वसविलेलें भोजकट तें हेंच, अशी परंपरा आहे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या चम्मक येथें सांपडलेल्या ताम्रपटांत भोजकट-राज्याचा उल्लेख येतो, त्यामुळें निदान नांवाचें प्राचीनत्व तरी निर्विवाद आहे. परंतु त्या राज्यांतील लोक काय खात आणि खाल्लेल्या अन्नाचें त्यांच्या पोटांत पुढें काय होई, याविषयीं तो ताम्रपट मुका आहे. आज आम्ही वाचकांपुढें जो विषय मांडीत आहों, तो इतिहासाच्या या मुक्या बाजूचाच आहे.

मोठ्या आंतड्याच्या भिंतींतून रक्तवाहिन्या जेथें स्नायूंचा थर भेदून आंत शिरतात, त्या जागा स्वभावतःच कमकुवत असतात. आंतील दाब वाढला म्हणजे तेथें आंतला पापुद्रा बाहेर ढकलला जाऊन वाटाण्याएवढ्या पिशव्या तयार होतात. डॉक्टरमंडळी त्यांस डायव्हर्टिक्युला म्हणतात. मराठी परिभाषेंत 'अंधवर्ध' असा शब्द आहे. बहुतेकांस या पिशव्या जन्मभर कांहीं त्रास देत नाहींत. थोड्यांच्या पिशव्यांस सूज येते, ताप भरतो, कूस दुखते. क्वचित् रक्त जातें, आणि क्वचित् आंतडें फुटून गोष्ट प्राणावर बेतते. पॅरिसच्या क्रूव्हेलिए यानें १८४९ सालीं या पिशव्यांचें वर्णन केलें, तेव्हां त्या शवविच्छेदनाच्या मेजावरील एक कुतूहल होत्या. विसाव्या शतकांत मात्र युरोप-अमेरिकेंतील उतारवयाच्या त्या नित्याच्या सोबती होऊन बसल्या. शंभर वर्षांत असें काय घडलें?

या प्रश्नाचीं उत्तरें वेळोवेळीं बदलत गेलीं, आणि त्यांबरोबर आंतड्यांत राहणाऱ्या जंतूंची अब्रूही खालींवर होत गेली. डेल्फ्ट शहरचा कापडाचा व्यापारी लेव्हेनहूक यानें १६८१ सालीं स्वतःच्याच शौचाचा थेंब भिंगाखालीं धरून त्यांत वळवळणारे जीव पाहिले व लंडनच्या रॉयल सोसायटीस तसें कळविलें. त्यास त्यांचें भय वाटलें नाहीं, केवळ गंमत वाटली. भय उत्पन्न झालें तें पुढें. १८८४ सालीं कॉख यानें कलकत्त्यास पटकीच्या जंतूविषयींचा आपला शोध पक्का केला. दुसऱ्याच वर्षीं एशेरिख यानें तान्ह्या मुलांच्या आंतड्यांतील एका जंतूचें वर्णन केलें, व आज तो त्याच्याच नांवानें ओळखला जातो. पटकीनें गांवेंच्या गांवें ओस पडलेलीं पाहिलेल्या लोकांस जंतु म्हणजे शत्रु वाटावा, यांत नवल नाहीं.

या भयास तत्त्वज्ञानाचें रूप दिलें मेचनिकॉफ यानें. १९०८ सालच्या नोबेल पारितोषिकाचा हा वांटेकरी रशियन पंडित असें प्रतिपादीत असे कीं, मोठें आंतडें हें माणसास जवळजवळ निरुपयोगी असून त्यांतील जंतूंच्या विषानें म्हातारपण लौकर येतें. उपाय म्हणून तो आंबट दूध सुचवी. (त्याचा शिष्य हाफकिन १८९३ सालीं हिंदुस्थानांत आला, आणि १८९७ च्या जानेवारींत मुंबईस त्यानें प्लेगची लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली, हें आपल्या वाचकांस ठाऊकच आहे.) गुरूनें निदान ताकाचाच मार्ग दाखविला, परंतु लंडनचा शस्त्रवैद्य आर्बथनॉट लेन यानें बद्धकोष्ठावरच मोठीं आंतडीं कापून काढण्याचा सपाटा लावला! एका कल्पनेच्या आहारीं जाऊन बुद्धिमान माणसें कोठवर जातात, याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस सुचत नाहीं.

येथें चरकाची आठवण होते. विमानस्थानांत त्यानें वीस प्रकारचे कृमि सांगितले आहेत, परंतु सांगतांना 'सहज' म्हणजे शरीराबरोबरच असलेले कृमि त्यांतून वगळले आहेत. एवढ्यावरून आमच्या पूर्वजांस सूक्ष्मजंतुशास्त्र अवगत होतें अशी फुशारकी मारणें आम्हांस मान्य नाहीं. कृमि हा शब्द त्यांनीं फार ढिलेपणानें वापरला आहे. तथापि अंगांत राहणारा प्रत्येक जीव वैरीच असतो असें नाहीं, एवढा विवेक त्या सूत्रांत आहे, आणि तो लेनसाहेबांपाशीं नव्हता.

पुढचें वळण आफ्रिकेंतून आलें. डेनिस बर्किट हा आयरिश शस्त्रवैद्य युगांडांत बरींच वर्षें काम करीत होता. पाश्चात्यांत घरोघर आढळणारा हा विकार तेथील खेड्यांत जवळजवळ नाहीं, हें त्यानें हेरलें. खेडुतांचें अन्न भरड, शौच विपुल, आणि अन्नाचा पोटांतील प्रवासही इंग्रजांच्या मानानें पुष्कळच जलद. १९७१ सालीं नील पेंटर व बर्किट यांनीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें लिहिलें कीं, हा कोंड्याच्या अभावाचा रोग आहे. १८८० च्या सुमारास पोलादी लाटांच्या गिरण्या आल्या, पीठ पांढरें झालें. आंतड्यास ढकलावयास भरीव कांहीं उरेना, तें आवळून दाब वाढवूं लागलें, आणि पिशव्या फुगल्या. तोंपर्यंत डॉक्टर अशा रोग्यांस कोंडा वर्ज्य करीत. आतां तोच औषध ठरला.

बर्किटचें हें म्हणणें वऱ्हाडांत वाचलें असतां डोळ्यांपुढें आपलेंच ताट उभें राहतें. भातकुलीचा मुलूख पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाण पट्ट्यांत मोडतो. काळी कसदार जमीन, पण विहिरीचें पाणी खारट. बागाइतीची आशा थोडी, म्हणून कापूस, तूर, हरभरा व ज्वारी यांवरच पूर्वापार भिस्त. ज्वारीची भाकरी, अंबाडीच्या भाजींत शिजविलेल्या ज्वारीच्या कण्या, तुरीचें वरण, ताक, नागपंचमीच्या लाह्या, थंडींतला हुरडा! भातकुलीच्या कुणब्यास कोंडा विकत घ्यावा लागत नव्हता. मग सोयाबीन आलें, शिधापत्रिकेवर गहूं-तांदूळ आले, आणि ज्वारीचें शेत आकसत गेलें. कडब्याअभावीं बैलांचे हाल झाले ते सर्वांस दिसले. ताटांतून काय गेलें तें तितकें दिसलें नाहीं. २०२३ हें भरडधान्यांचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरें झालें, तोंवर शहरांत भाकरी ही हौसेची वस्तु झाली होती.

परंतु बर्किटचा सिद्धान्तही जसाच्या तसा टिकला नाहीं, हें सांगणें आमचें कर्तव्य आहे. २०११ सालीं इंग्लंड-स्कॉटलंडमधील ४७ हजार लोकांच्या पाहणींत शाकाहारी लोकांस हा विकार जडण्याचा धोका ३१ टक्क्यांनीं कमी दिसला. उलट पुढच्याच वर्षीं अमेरिकेंत दुर्बिणीनें आंतडीं तपासलेल्या सुमारें दोन हजार लोकांत, कोंडा अधिक खाणारांच्याच आंतड्यांत पिशव्या जास्त निघाल्या! आमच्या मतें यांतला विरोध दिसतो तितका खरा नाहीं: पिशवी होणें निराळें आणि ती दुखावणें निराळें. शिवाय आशियांतील लोकांत या पिशव्या पुष्कळदां आंतड्याच्या उजव्या बाजूस होतात, पाश्चात्यांत डावीकडे. तेव्हां सर्व दोष पिठाच्या माथीं मारतां येत नाहीं. दाणे व लाह्या पिशवींत अडकतात म्हणून त्या खाऊं नयेत, हा समजही असाच गेला. ४७ हजारांवर पुरुषांच्या अठरा वर्षांच्या नोंदींवरून २००८ सालीं असें आढळलें कीं, मक्याच्या लाह्या व कठीण कवचाचीं फळें खाणारांस त्रास अधिक तर नाहींच, उलट कमीच झाला.

जंतूंचा प्रश्न येथेंच पुनः उभा राहतो. सूज ही जंतूंचीच करणी असे धरून रोग्यास जंतुनाशक औषधें देण्याची सरसकट चाल होती. २०१२ सालीं स्वीडन व आइसलंडमधील ६२३ साध्या रोग्यांपैकीं निम्म्यांस तीं न देतां पाहिलें. तेही इतरांइतकेच बरे झाले. (ताप, फुटलेलें आंतडें किंवा गळूं असलेल्या रोग्याची गोष्ट वेगळी, तेथें डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून औषध टाळूं नये.) आज शास्त्रज्ञांचा कल निराळ्या दिशेस आहे. जो कोंडा आपणांस पचत नाहीं, तो आंतड्यांतील जंतु आंबवितात व त्यापासून ब्युटिरेट नांवाचें आम्ल करतात. आंतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावरच पोसतात. उंदरांवरील प्रयोगांत असें दिसलें कीं, कोंडा तोडला म्हणजे हे उपाशी जंतु अस्तरावरील श्लेष्माचा थरच खाऊं लागतात. मनुष्याच्या पिशव्यांत हेंच घडतें काय? रोग्यांच्या जंतुसमूहांत फरक आढळतात खरे, परंतु एका पाहणीचा निष्कर्ष दुसरीशीं जुळत नाहीं. आणि जंतु बदलल्यानें रोग झाला कीं रोगानें जंतु बदलले, हें केवळ गणतीवरून ठरत नाहीं. जंतूंच्या पुड्या विकणारे मात्र निकालाची वाट पाहत थांबलेले नाहींत.

पुण्याच्या शास्त्रज्ञांनीं २०१२ सालीं एका छपराखालीं राहणाऱ्या तीन पिढ्यांच्या आंतड्यांतील जंतु ताडून पाहिले. घर एक, चूल एक. तरी वयापरत्वें जंतुसमूहांचें प्रमाण बदलत गेलेलें आढळलें, आणि तो बदल युरोपीय नमुन्याबरहुकूम नव्हता. पुण्यासच राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रांत सूक्ष्मजंतूंचे हजारों वाण अतिशीत पात्रांत जपून ठेवलेले आहेत, जसे अकोल्याच्या कृषि विद्यापीठांत ज्वारीचे वाण राखले जातात. भातकुलीच्या एखाद्या घरांतील भाकरी खाणारी आजी आणि बिस्किटावर वाढणारा नातू, या दोघांच्या पोटांतील वस्तीची तुलना करावयाची तर दोन्हीकडचीं भांडारें उघडावीं लागतील.