पेंडीने झाकलेला निष्कर्ष

घरातल्या एका आजारपणात यकृताच्या टॉनिकची बाटली हातात आली. लेबलावर कोलीनचे नाव होते. ते तिथे कसे आले, हे शोधता शोधता मी उंदरांच्या एका जुन्या प्रयोगापाशी पोचलो. मी डॉक्टर नव्हे. जुने शोधनिबंध वाचत बसण्याची खोड तेवढी आहे.

१९४६ साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, ऑबर्न इथे काम करणाऱ्या कोपलंड आणि सॅमन यांनी तो प्रयोग प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेत यकृताचा कर्करोग घडवायचा तर जनावराला काहीतरी विषारी द्यावे लागे. जपानमध्ये सासाकी आणि योशिदा यांनी त्यासाठी १९३०च्या दशकात ॲझो वर्गातले रसायन वापरले होते. ऑबर्नच्या उंदरांना कोणी जाणूनबुजून विष घातले नव्हते. त्यांच्या खाण्यात फक्त कोलीन नव्हते. दीर्घकाळ असे खाल्ल्यावर त्यांच्या यकृतात गाठी झाल्या. काही नसल्यानेही कर्करोग होतो, असे म्हणणे तेव्हा धाडसाचेच होते.

कोलीन हे अमिनो आम्ल नव्हे, पण मेथिओनीन या अमिनो आम्लाशी त्याचे देण्याघेण्याचे नाते आहे. कोलीनमुळे यकृतात चरबी साचत नाही, हे टोरांटोत बेस्ट यांनी १९३२ साली दाखवले होते. शरीर मेथिओनीनकडून मिथाइल गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, घेऊन कोलीन घडवते, हे पुढे द्यु विन्यो यांनी सिद्ध केले. प्रत्यक्ष देणारा रेणू मात्र ॲडेनोसिल-मेथिओनीन. तो कँटोनींना १९५०च्या दशकात सापडला. डीएनएवरच्या मिथाइल खुणाही याच साठ्यातून लागतात. आहारात कोलीन नसले की सगळा भार मेथिओनीनवर येतो. तेही अपुरे पडले तर यकृतात चरबी तुंबते, पेशी मरतात, त्यांच्या जागी नव्या घाईने वाढतात आणि डीएनएवरच्या खुणा पुसट होऊ लागतात.

इतके सगळे जुळत होते. घात केला तो पेंडीने.

१९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले. ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीवर बुरशी होती आणि त्या बुरशीचे विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. ऑबर्नच्या उंदरांच्या आहारातही प्रथिनांसाठी शेंगदाण्याची पेंडच होती! त्या गाठी कोलीनच्या अभावाच्या की बुरशीच्या? पेंडीवर पोसलेल्या उंदरांना यकृताच्या गाठी होतात, हा निबंध १९६३ साली आला, आणि त्यावर न्यूबर्न यांच्या जोडीला नाव होते खुद्द सॅमन यांचे. स्वतःच्या गाजलेल्या कामाखालची जमीन अशी आपल्याच हाताने उकरणारा संशोधक मला फार मोठा वाटतो.

पुढची वीस वर्षे तो जुना निष्कर्ष संशयाच्या छायेत राहिला. त्यातून वाट काढायची तर आहारात पेंडच काय, कुठलेही प्रथिनच नको होते. १९८३ साली मिकोल, पॉयरिए आणि सहकाऱ्यांनी नेमके तेच केले. प्रथिनांऐवजी मोजून-मापून सुटी अमिनो आम्ले दिली, मेथिओनीनच्या जागी मिथाइल गट नसलेले होमोसिस्टीन घातले आणि कोलीन वगळले. बुरशीला शिरायला फट उरली नाही. तरी कर्करोग झाला. पुढच्याच वर्षी टोरांटोच्या घोषाल आणि फार्बर यांनीही, वरून कोणतेही कर्करोगकारक न देता, कोलीनच्या अभावातून तो घडल्याचे दाखवले. ऑबर्नचा निष्कर्ष खरा होता, मात्र ऑबर्नचा पुरावा त्याला पुरेसा नव्हता. मधल्या काळात रॉजर्स आणि न्यूबर्न यांना असेही दिसले होते की ही कमतरता असलेल्या उंदरांना अफ्लाटॉक्सिन जास्त बाधते. म्हणजे १९४६च्या पिंजऱ्यात बहुधा दोन्ही गोष्टी एकत्र नांदत होत्या.

नंतर जनुकांचा काळ आला. ॲडेनोसिल-मेथिओनीन बनवणारे यकृतातले जनुक काढून टाकलेल्या उंदरांना कालांतराने कर्करोग होतो, हे लू, मातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून २००१-०२मध्ये दिसले. अशा उंदरांच्या रक्तात मेथिओनीन भरपूर साचलेले असते, पण यकृताला ते वापरता येत नाही. सिरॉसिस आणि यकृताचा कर्करोग झालेल्या माणसांतही हेच जनुक मंदावलेले आढळते. मग २००८ साली उलटा प्रकार पुढे आला. जादा ॲडेनोसिल-मेथिओनीन खर्ची टाकणारे जनुक काढले, त्याचा साठा प्रचंड वाढला, आणि त्या उंदरांनाही कर्करोग झाला.

ती बाटली अजून कपाटात आहे, अर्धी भरलेली.